मिठाचा भाव

कोल्हापूर,
रविवार रात्र

चि. बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी दहा पानं काल रात्री वाचली आणि आज सकाळी चहाआधी परत वाचली. सोबतची चिठ्ठीही वाचली. ‘अण्णा, मी पार अडकलेय. मुंबईवाल्या निर्मात्यांना पंधरा दिवसांत आमच्या खेळावरच्या चित्रपटाची कथा पाठवायची आहे. दोन मसुदे केलेत. कुठला पाठवू तेवढं सांगा.’

उत्तर सोपं आहे. कुठलाच नको. पण फोनवर एवढंच सांगितलं असतं तर तू ‘बरं’ म्हणाली असतीस आणि रात्री तिसरा मसुदा लिहायला बसली असतीस, तोही या दोघांचाच भाऊ निघाला असता. म्हणून पत्र लिहितोय. तुझ्यात गुण आहेत वगैरे लिहीत बसणार नाही, ते तुलाही माहीत आहे आणि मलाही. सरळ पान चारवर येतो.

पान चारवर तुझी चौकडी मिठाचे व्यापारी बनून गडाच्या दरवाजाशी येते. चोरटी पोरगी पहारेकऱ्याला थाप मारते. थाप इतकी झकास की तो हसतो आणि वाट सोडतो. दोन्ही मसुद्यांत हेच आहे, एकात तर ती त्याच्या कमरेच्या किल्ल्याही लांबवते. तिथं मी वाचायचं थांबलो. कारण तुमच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या टेबलावर, चौघं पात्रं होऊन फासे टाकतात आणि तू गोष्ट चालवतेस त्या खेळात, तो दरवाजा आला त्या रात्री मी तिथं होतो, आणि असलं काहीही घडलं नव्हतं.

आठवतंय का? श्रावण होता. गच्चीवरच्या खोलीच्या पत्र्यावर पाऊस इतका, की तुला एकेक वाक्य दोनदा सांगावं लागत होतं. तुझ्या पुढ्यात जुन्या कॅलेंडरांच्या पुठ्ठ्यांचा आडोसा, त्यामागं तुझी वही. पोरांच्या कॅरेक्टर शीटवर, पात्रांच्या त्या कागदांवर, भडंगाचे तेलकट डाग. थाप पचायला आठ किंवा त्याहून जास्त हवे होते. चोरटी खेळणाऱ्या पोरीनं वीस बाजूंचा फासा टाकला, तो टेबलावरून घरंगळला आणि कॉटखाली गेला. दोघं जण मोबाईलचा उजेड पाडून गुडघ्यांवर वाकले. एक पडला होता. कोणीतरी म्हणालं, खाली गेलेला धरायचा नाही, परत टाक. बऱ्याच टेबलांवर तसा रिवाज असतो म्हणे. तू मान हलवलीस. ‘पडलं ते दान,’ म्हणालीस. ‘टेबलावर पडू दे नाहीतर कॉटखाली.’

मग तू पहारेकरी झालीस आणि शांतपणे विचारलंस, ‘मिठाचा भाव काय चाललाय?’

चौघंही गप्प. मिठाचे व्यापारी, आणि मिठाचा भाव एकालाही माहीत नाही. बराच वेळ नुसता पाऊस ऐकू येत होता. आणि तो कोपऱ्यात बसणारा पोरगा, बैराग्याचं पात्र घेतलेला, ज्यानं पाच महिन्यांत ‘मी मागनं चालतो’ याखेरीज फारसं तोंड उघडलं नव्हतं, तो म्हणाला, ‘आम्ही खोटं बोलतोय. पोत्यात मीठ नाही. माझी आई आत आहे.’

ती आई तोवर कोणालाच ठाऊक नव्हती. तुलाही नव्हती. तुझी पेन्सिल वहीवर अडली ती मी बघितली. पुढचे तीन महिने तुमचा खेळ त्या आईभोवती फिरला. चोरटीनं तिच्यासाठी हात गमावला, ती सापडली तेव्हा तिनं पोराला ओळखलं नाही, आणि ते ऐकताना टेबलावरची एक पोरगी उठून गच्चीवर जाऊन उभी राहिली. हे सगळं एका फाशातनं आलं. कॉटखालच्या.

आणि पान चारवर हे नाही! पान सातवर ‘कैदेतील एक वृद्धा’ आहे, दीड ओळीत. समासात तू लिहिलंयस, ‘इथं वेग कमी होतो म्हणून काढलं.’ कुणी शिकवलं गं तुला हे?

आता नीट ऐक. पडलेलं दान पाळायचं. मला सांगायचं आहे ते एवढंच, आणि तू कंटाळलीस तरी मी ते या पत्रात परत परत सांगणार आहे. टेबलावर एक पडला की सगळे बघत असतात, लपवता येत नाही. कागदावर कोणी बघत नाही. तिथं फासा टाकणारी तूच, वाचणारी तूच, निकाल देणारीही तूच. मग आपल्या लाडक्या पात्राला दर वेळी अठरा-एकोणीस पाडायचा मोह होतो. पडलेलं दान पाळायचं म्हणजे पटकथेत आकडे लिहायचे असं नव्हे. बेत मोडला तर तो मोडलेलाच ठेवायचा, आणि पुढचं पाऊल त्या मोडक्या जागेवरनंच उचलायचं.

तू हिशेब जाणतेस म्हणून हिशेबानं सांगतो. आठ किंवा त्याहून जास्त म्हणजे वीसपैकी तेरा बाजू, १००त ६५ वेळा जमेल असं काम. चांगलंच दान म्हणायचं. पण तुमचे बेत एका पावलाचे कधी असतात? दरवाजातून शिरायचं, पहाऱ्याला गुंगारा द्यायचा, कुलूप काढायचं, अशी तीन पावलं लागोपाठ सरळ पडायची शक्यता २७ टक्क्यांच्या आसपास येते. चारातले जवळपास तीन बेत वाटेत कुठंतरी मोडणारच. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ साली हा खेळ बाजारात आणला, त्याला ५० वर्षं होऊन गेली. एवढी वर्षं माणसं रात्र रात्र जागतात ती ड्रॅगनसाठी नाहीत. ड्रॅगन काय, कुठल्याही चित्रपटात मिळतो. बेत मोडल्यावर टेबलाभोवतीची माणसं एकमेकांकडं बघतात ना, ती नजर दुसरीकडं मिळत नाही.

तुमचा तो उद्यमनगरचा दोस्त, वडिलांच्या फौंड्रीत काम करणारा, त्यानं ओतलेला पितळी फासा आठवतो का? काय देखणा होता. कडा कानसून गुळगुळीत केलेल्या, आकडे हातानं ठोकलेले, तळहातावर घेतला की वजन जाणवायचं. सगळ्यांना तोच हवा असायचा. तुला मात्र शंका आली, कारण त्याच्यावर १७ फार यायचे. तू एक दुपार बसून तो दोनशे वेळा टाकलास आणि वहीत रेघा मारल्यास. कुठलाही आकडा सरासरी दहादा यायला हवा, १७ आले होते एकतीसदा. मग त्या पोरानंच ओळखलं, १७च्या बाजूला आत ब्लो होल, म्हणजे हवेची पोकळी, राहिलंय. समोरासमोरच्या दोन बाजूंची बेरीज नेहमी २१, म्हणजे १७च्या पोटाखाली ४. चारची बाजू जड, ती खाली बसते आणि १७ वर येतात. फायदा तुमचाच होता. तरी तू तो फासा डबीत घालून कपाटात ठेवलास आणि परत वापरू दिला नाहीस.

मला त्या दिवशी तुझ्याबद्दल खात्री पटली होती. म्हणून ही दहा पानं वाचून त्रास झाला. या पानांत ओळीओळीला तोच पितळी फासा पडतोय.

मुंबईवाले तुला आकडे दाखवतील. ते आकडे खरे आहेत, पाठ करून जा. २००० साली या खेळावर पहिला मोठा चित्रपट आला, साडेचार कोटी डॉलर खर्चाचा. दिग्दर्शक कोर्टनी सॉलोमन हा या खेळाचा वेडा, विशीच्या आसपास त्यानं हक्क मिळवले आणि पुढची जवळपास दहा वर्षं त्यासाठी झगडला. त्याच्या वेडाबद्दल मला आदरच आहे. पण तिकिटांवर खर्चाएवढेही पैसे जमले नाहीत. जेरेमी आयर्न्ससारखा नट होता, ड्रॅगन होते, राणी होती, जादू होती. टेबल नव्हतं. कोणी बेत आखतोय, तो फसतोय, मग चौघं डोकं धरून बसलेत, हे नव्हतं.

मग मार्च २०२३ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स : ऑनर अमंग थीव्ज’ आला. जोनाथन गोल्डस्टीन आणि जॉन फ्रान्सिस डेली, दिग्दर्शक दोघं. हा तू तीनदा बघितलास हे मला माहीत आहे, पण लिहिणाऱ्याच्या डोळ्यांनी एकदा बघ. सुरुवातीलाच सुटकेच्या अर्जावर सुनावणी चालू आहे. नायक पाल्हाळ लावतो, कारण पंख असलेला एक सदस्य यायचा आहे आणि त्याला धरून खिडकीतून पळायचा बेत आहे. तो येतो, हे दोघं त्याला मिठी मारून खिडकी फोडतात, आणि मागं मंडळानं सुटका मंजूरच केलेली असते! पुढं तिजोरीच्या खोलीत शिरायला चित्रात दार उघडायचा बेत. काय सुरेख बेत आहे. आणि ते चित्र तिथं जाऊन नेमकं पालथं पडतं, दार उघडतं ते फरशीवर. स्मशानात प्रेताला पाचच प्रश्न विचारायची मुभा, ते पाचही भलत्यावर खर्ची पडतात. दर वेळी दान उलटं पडतं, दर वेळी ते पाळलं जातं, आणि पुढची गंमत त्यातनंच उगवते. हे लिहिणारे टेबलावर बसलेले आहेत हे कळायला मुलाखत वाचावी लागत नाही.

आता तुझे निर्माते म्हणतील, बरोबर, पण त्याचा खर्च १५ कोटी डॉलर आणि जगभरची तिकीटविक्री २० कोटींच्या थोडी वर. त्यातला निम्म्याच्या आसपास वाटा थिएटरवाल्यांचा, जाहिरातींचा खर्च वेगळाच. म्हणजे तोटा. हे खरं आहे. पण तोटा बेत फसवल्यामुळं झाला असं कोणी म्हणालं तर तिथंच थांबव. त्याच्या आठवडाभर आधी एक मोठा मारधाडीचा चित्रपट लागला होता आणि पाच दिवसांनी पोराटोरांचा एक प्रचंड चित्रपट आला. दोन वळूंच्या मधे सापडलेल्या वासराचं जे होतं ते झालं. ज्यांनी तो बघितला त्यांना आवडला, अजून आवडतो. पुढच्या वेळी कमी पैशात कर, चांगल्या तारखेला लाव, हा त्याचा धडा. ‘नायकाला जिंकव’ हा नव्हे.

आणि फासा ही काय परदेशातनं आलेली वस्तू आहे का? आपल्याच गावाचं बघ. बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, आणि १९२० साली त्यांचा पहिला चित्रपट लागला तो ‘सैरंध्री’. द्रौपदीला विराटाच्या घरी सैरंध्री म्हणून राबायला का लागलं? द्यूतात दान उलटं पडलं म्हणून. वनवास संपला, अज्ञातवास आला, आणि धर्मराज तिथं कंक नाव घेऊन कशानं पोट भरतो तर राजाशी फासे खेळून. या गावातल्या चित्रपटाचं पहिलं पाऊल हरलेल्या डावावर पडलेलं आहे. व्यासांना काय पांडवांना जिंकवता आलं नसतं? एका श्लोकाचं काम होतं. फासे वळवणारा त्या कथेत एकच आहे, आणि शकुनी कोणाला व्हायचं असतं? नायकासाठी गुपचूप अठरा पाडणारा लेखक शकुनीचंच काम करतोय, फक्त बाजू बदलून.

हे मी एवढ्या तावातावानं का सांगतोय ते तुला कळायला हवं. मी ही चूक केली आहे, आणि तुझ्यापेक्षा मोठी केली आहे.

१९८७चा हिवाळा. मी तिशीच्या आत होतो, एका निर्मात्याकडं संवाद लिहायचो. कोकणातल्या दशावतारावर चित्रपट काढायचं ठरलं. मी टेपरेकॉर्डर आणि कॅसेटचा डबा घेऊन करूळ घाट उतरलो आणि एका कंपनीबरोबर अकरा रात्री फिरलो, जत्रेमागं जत्रा. दशावतार तुझ्या खेळाचा सख्खा भाऊ आहे हे तू लक्षातच घेतलेलं नाहीस. लिहिलेली संहिता नसते. संध्याकाळी ठरतं की आज अमुक आख्यान, तू राजा, तू राक्षस. पेटाऱ्यातनं मुकुट काढायचे, तोंड रंगवायचं आणि उभं राहायचं. कथा सगळ्यांना ठाऊक, बोलायचं काय ते समोरचा काय बोलतो त्यावर. अकरा रात्री तेच आख्यान, आणि अकरा रात्री वेगळं.

सहाव्या रात्री लढाईत राक्षसाचा मुकुट पडला. पेट्रोमॅक्सच्या उजेडात घरंगळत कडेला गेला, लोक हसायला लागले. राजानं टोमणा मारला, मुकुट गेला, आता तुला राजा कोण म्हणणार? राक्षसानं मुकुट उचलला, घातला नाही. खाली उतरून पुढं बसलेल्या एका पोराच्या मांडीवर ठेवला. ‘जपून ठेव. मरताना मागायला येईन.’ आणि अर्ध्या तासानं, मेल्यावर पडायच्या आधी, तो खरंच त्या पोरापुढं जाऊन हात पसरून उभा राहिला. पोरगं रडत होतं. मुकुट देईना. त्या मांडवात कोणी हललं नाही.

मी काय केलं? परत येऊन बावीस कॅसेट ऐकल्या आणि अकरा रात्रींतली चांगली चांगली वाक्यं वेचली. राजाचं दुसऱ्या रात्रीचं उत्तर, राक्षसाचं नवव्या रात्रीचं. मुकुटही घेतला. एकाहून एक सरस, एकही फसलेलं वाक्य नाही. शूटिंगला मुकुट सहा वेळा पाडला, सहाव्यांदा कॅमेऱ्याला हवा तसा पडला. चित्रपट मेलेला जन्मला. कंपनीचे म्हातारे नाईक खास बघायला आले होते. बाहेर पडून पान लावता लावता म्हणाले, ‘सगळे बरे बोलतत. पण कोणच कोणाचा आयकत नाय.’

त्या एका वाक्यानं मी सोलून निघालो. कसं ऐकणार? दान पडलेलंच नव्हतं. अकरा रात्रींतली फक्त जिंकलेली दानं मी एका माळेत ओवली होती. नटाला पुढचं वाक्य तयार मिळालं की तो समोरच्याकडं कशाला बघेल? तुझ्या दहा पानांतही चौघं झकास बोलतात, बाळ. एकमेकांचं ऐकत नाहीत.

मग मुकुट परत पडेल कसा, चित्रपटात तर सगळं ठरवूनच करावं लागतं, असं तू विचारशील. मी वीस वर्षं यावर विचार केलाय. लिहिताना फासा टाक. खरोखरचा, टेबलावर. चौघांचा बेत नीट लिही, प्रेक्षकाला तो पूर्ण कळू दे, त्याला वाटू दे की हे जमणार. मग फासा टाक. एक पडला, तीन पडले, तर बेत मोड आणि खुर्चीवरनं ऊठ. रंकाळ्यावर एक चक्कर मार, दोन मार. पुढचं उत्तर आधी काढून ठेवून बेत मोडलास तर तो मोडलाच नाही, ते प्रेक्षकाला लगेच कळतं. चार दिवस उत्तर नाही सापडलं तर चार दिवस लिहू नकोस. पंधरा दिवसांची मुदत? मुदत वाढवून माग. नाही दिली तर नाही दिली.

होय, सांगणं सोपं आहे. मी करूनही बघितलंय. १९९४ साली कुस्तीवरच्या एका चित्रपटाची पटकथा माझी होती, दिग्दर्शक माझा जिवाभावाचा मित्र. मध्यंतराआधी पैलवानाचा गुडघा जातो. मी तो गुडघा कथेभर दुखता ठेवला होता, आणि शेवटच्या कुस्तीत, भरल्या खासबाग मैदानात, तो त्याच गुडघ्यामुळं चीतपट होतो. निर्माता म्हणाला, लोक हरलेला पैलवान बघायला तिकीट काढत नाहीत. मित्र दोन दिवस गप्प राहिला आणि मग म्हणाला, जिंकवू या. मी म्हटलं, मग आधी गुडघा तरी काढ. तो म्हणाला, गुडघा राहू दे, त्यानं जिंकणं आणखी मोठं वाटेल. मी कागद उचलले आणि घरी आलो. दुसऱ्यानं शेवट लिहिला. चित्रपट चालला, मी नाकारत नाही. गावोगावच्या तंबूंतही चालला.

त्यानंतर मला पटकथा लिहायला कोणी बोलावलं नाही. भावाच्या दुकानात हिशेब लिहून दिवस काढले. लोक हेकट म्हणाले, अजून म्हणतात. पण मला सांग, गुडघा गेला हे एकदा दाखवल्यावर तो शेवटच्या पाच मिनिटांत बरा कसा होतो? हे विचारणारा हेकट असेल तर असू दे. मी आजही तिथं तेच करीन. मित्राशी मात्र नऊ वर्षं बोललो नाही. तो आजारी आहे हे कळलं, जाऊ जाऊ म्हणत राहिलो, आणि एका सकाळी पंचगंगेवर गेलो ते त्याला पोचवायलाच. तिथं त्याच्या मुलानं मला सांगितलं की बाबांनी तुमचा शेवट जपून ठेवलाय, तुमच्या अक्षरातला. तो कागद मी अजून मागायला गेलेलो नाही.

हे तुला सांगायचं नव्हतं. असो. तुझ्या कामाचं बोलतो.

नायक एकच कर म्हणतात ना ते मुंबईवाले? ऐकू नकोस. चौघं आहेत म्हणून तर बेत आखले जातात, एकटा माणूस बेत आखत नाही, नुसता ठरवतो. हवं तर गोष्ट सांगणारा एक कर. बैरागी सांगू दे, तो बोलत नाही म्हणूनच.

सुरुवातीच्या दीड पानात निवेदन आहे, कुठलं राज्य, कोणता वंश, कितवं युग. सगळं काढ. टेबलावर तू हे कधी सांगितलंस? पोरांना दरवाजाशी नेऊन उभं केलंस आणि मिठाचा भाव विचारलास, तेवढ्यात सगळं राज्य कळलं, की इथं मीठ महाग आहे, पहारे कडक आहेत, आणि परक्याला आत घेत नाहीत. त्या २०२३च्या चित्रपटात एक पूल आहे. तो ओलांडायचे किचकट नियम एक जण सांगत असतो आणि तेवढ्यात दुसऱ्याचा पाय पडून पूलच कोसळतो. नियम ऐकवायचे तर असे. बाबूरावांनी रंगवलेले पडदे टाकून खरे, उभे सेट बांधले ते का? पडद्याच्या आत माणूस पाऊल टाकू शकत नाही. तुझं निवेदन म्हणजे रंगवलेला पडदा आहे.

आणखी एक, हे रुक्ष आहे पण नीट वाच. तुझ्या कथेत बिहोल्डर आहे, तो डोळेवाला गोळा, आणि माइंड फ्लेयर आहे. ते हा खेळ काढणाऱ्या कंपनीचे स्वतःचे राक्षस, त्यांना हात लावायचा नाही. जानेवारी २०२३ मध्ये बराच गदारोळ झाल्यावर कंपनीनं खेळाचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स या परवान्यानं सगळ्यांना वापरायला खुले केले, पण हे दोन त्यात नाहीत. तसंही तुला ते कशाला हवेत? तुझ्या वहीतली ती पाणवठ्यावरची सात बहिणींची जत्रा त्या डोळेवाल्या गोळ्यापेक्षा कितीतरी भीतीदायक आहे. खेळाचं नावही कथेवर घालू नकोस. आणि मुंबईला काहीही पाठवायच्या आधी पटकथा-लेखकांच्या संघटनेकडं कथा नोंदवून घे, त्या टेबलावरच्या चौघांची लेखी संमतीही घे. बैराग्याची आई त्या पोरानं जन्माला घातली आहे. त्याचं नाव पडद्यावर आलं पाहिजे, यात मी काही ऐकून घेणार नाही.

पान चार नव्यानं लिही. बाकीची नऊ पानं नकोत, फक्त चार. थाप मारली, एक पडला, भाव विचारला, गप्प झाले. तिथं पोरगा तोंड उघडेपर्यंत पडद्यावर काय दिसेल ते मला हवंय. पावसात भिजलेली पोती दिसतील का? पहारेकऱ्याचा हात कुठं असेल? चोरटी कोणाकडं बघेल? ती त्याच्याकडं बघायलाच हवी, पहिल्यांदा. पाच महिन्यांत तिनं त्याच्याकडं नीट बघितलेलं नाही, हे तुझ्याच वहीत आहे.

बुधवारी ये. चार वाजल्यानंतर मी घरीच असतो. छापील पानं आणू नकोस, त्या श्रावणातली वही आण, पेन्सिलीची. आणि तो पितळी फासा अजून कपाटात असेल तर तोही आण. मला तो एकदा हातात घ्यायचा आहे.

तुझा,
अण्णा